शाळेच्या पातेल्यातून शेंगदाणा काढा, मधुमेह असलेल्या मुलीचा भात काढू नका

आलेलं पत्र: "आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते पाचवी, पट साठ. सोलापूर जिल्हा. यंदा दुसरीतल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचं कळलं. मागे एका लग्नात चटणी खाल्ली तेव्हा त्याचे ओठ सुजले, श्वास लागला आणि दवाखान्यात न्यावं लागलं, असं त्याची आई सांगते. चौथीतल्या एका मुलीला दिवाळीनंतर टाईप १ मधुमेह निघाला. ती दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन घेते. स्वयंपाकाला दोघी मावशी आहेत, शेगडी एक, मोठं पातेलं एक. मावशी विचारतात, दोन मुलांसाठी वेगळं कधी शिजवायचं? काही पालक म्हणतात, त्या दोघांना घरून डबा आणायला सांगा. शिवाय अंडं असतं त्या दिवशी सात-आठ मुलं ते खात नाहीत. मला कुणाला उपाशी ठेवायचं नाही आणि धोकाही पत्करायचा नाही. काय करू?" (एक प्रभारी मुख्याध्यापिका)

मॅडम, मावशींची अडचण खरी आहे. साठ मुलांच्या स्वयंपाकात रोज दोन जादा पातेली चढवणं त्यांना जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. शेंगदाण्याचा प्रश्न सगळ्यांच्या पातेल्यातच सोडवायचा आणि मधुमेहाचा प्रश्न वाढताना. हे दोन आजार एका मापाने मोजले की घोटाळा होतो. ॲलर्जीच्या मुलाला "थोडंसं खाल्लं तर काय होतंय" म्हणतात आणि मधुमेह असलेल्या मुलीला "तुला भात नको गं" म्हणतात. प्रत्यक्षात त्याला कणभरही चालत नाही आणि तिला भात चालतो, फक्त तो किती हे माहीत असावं लागतं.

डब्याचं आधी सांगते, कारण त्यावर पालकांशी बोलणं तुम्हालाच करावं लागेल. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ५ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमध्ये आठवीपर्यंतच्या मुलांना सुट्ट्या सोडून रोज एक वेळचं जेवण मोफत मिळायला हवं. आजार निघाला म्हणून तो हक्क संपत नाही. म्हणून "डबा आणा" अशी अट शाळेने घालू नये. तुमची तयारी होईपर्यंत पहिले आठ-दहा दिवस आईने आपणहून डबा दिला तर घ्या, पण शाळेचं जेवण कोणत्या तारखेपासून सुरू करायचं हे त्याच वेळी ठरवून ठेवा. तारीख नसली की तात्पुरता डबा वर्षभर चालतो. आणि डबा असो वा नसो, मूल पंगतीतच बसेल.

आता शेंगदाणा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शालेय पोषण आहार योजनेचं प्रमाण आहे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. या यादीत शेंगदाणा कुठेच नाही. उसळीत, आमटीत, मसालेभातात कूट घालतो ती आपली सवय, सोलापूर भागात तर पक्की. मुलामागे ५ ग्रॅम कूट धरलं तर ते काढल्याने साधारण २५ कॅलरी आणि एक ग्रॅमभर प्रथिनं कमी होतात. सगळ्यांच्याच जेवणातून ते काढून टाकणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. शाळा व्यवस्थापन समितीत दोन ओळींचा ठराव करून घ्या, म्हणजे उद्या कुणी "एका पोरासाठी सगळ्यांची चव घालवली" म्हणालं तर उत्तर एकट्या तुम्हाला द्यावं लागणार नाही.

चव जाऊ नये म्हणून काय करायचं? कुटाऐवजी डाळ्याचं कूट किंवा फुटाणे सुचवले जातात. ते टाळा. भट्टीवर फुटाणे आणि शेंगदाणे बहुतेक एकाच वाळूत, एकाच कढईत भाजतात आणि शेजारशेजारच्या पोत्यांतून एकाच मापाने विकतात. तीळही नको, काही मुलांना शेंगदाण्याबरोबर तिळाचीही ॲलर्जी असते. बिनखर्चाचा उपाय पातेल्यातच आहे. शिजलेल्या मटकीतून दोन-तीन वाट्या काढून रवीने घोटा आणि परत उसळीत घाला, रस्सा दाट होतो. फोडणीत कांदा नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त परता, कुटाने येणारा खमंगपणा बराचसा त्यातून येतो.

कूट थांबवलं तरी त्याचे अंश कुठे राहतात ते बघा. ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट केलं त्यातच मसाला वाटला जातो. पात्याखालच्या रबरात दाण्याचा चुरा अडकून राहतो आणि तो धुऊन निघत नाही. ते भांडं शाळेतून काढून टाका किंवा रबर बदला. लाकडी डाव आणि खलबत्ताही बदला. स्टील आणि ॲल्युमिनियमची भांडी साबण लावून घासली की पुरे. शिजवल्याने किंवा भाजल्याने शेंगदाण्यातला त्रास देणारा घटक नष्ट होत नाही, म्हणून "उकळलंय ना" हा युक्तिवाद चालू देऊ नका. तयार चटणी-मसाल्याच्या पाकिटावरचे घटक वाचा. तेल सोयाबीनचं रिफाइंड असेल तर शेंगदाण्याच्या बाबतीत अडचण नाही. कुणी घाण्याचं शेंगतेल भेट दिलं तर ते वापरू नका, त्यात प्रथिनांचा अंश राहतो.

पूरक आहाराच्या, म्हणजे चिक्की, लाडू, केळं असं जादा काही वाटतात त्या दिवशी जास्त जपावं लागतं. चिक्की बंद केली की आपण राजगिऱ्याच्या किंवा चुरमुऱ्याच्या लाडवाकडे वळतो, पण हे लाडू पुष्कळदा चिक्कीच्याच कारखान्यात, त्याच ओट्यावर वळलेले असतात. केळं द्या. सालीतलं फळ, कुणाचा हात लागलेला नाही, गावात सहज मिळतं.

मुलांच्या स्वतःच्या डब्यांचं काय? तुमच्याकडे शेंगाचटणी डब्यात येणारच, आणि घरोघरी बंदी घालून ती पाळली जाणार नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी कडक ठेवा. एकमेकांच्या ताटात काही घालायचं नाही, आणि जेवणाआधी व नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही, साबणाने जातो. तो मुलगा आपल्या दोन मित्रांच्या मध्ये बसू दे, त्या दोघांनी फक्त शाळेचं जेवण घ्यायचं. कोपऱ्यात एकटा नको.

एवढं करूनही चूक होऊ शकते, म्हणून लक्षणं मावशींसह सगळ्यांना पाठ हवीत. अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, घसा खाजणं, आवाज बसणं, शिट्टीसारखा श्वास, वारंवार उलट्या, एकदम मलूल होणं. त्वचेवरच्या लक्षणांबरोबर श्वासाचा, उलटीचा किंवा चक्कर येण्याचा त्रास दिसला की ती गंभीर ॲलर्जी समजायची. कधी गांध्या न येताही श्वास अडकतो, तेव्हा गांध्यांची वाट पाहू नका. यावर औषध एकच, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप खाज कमी करतं, श्वास वाचवत नाही. गोळी देऊन वाट बघण्यात जो वेळ जातो तोच जिवावर बेततो. १०८ ला फोन करा. मुलाला आडवं झोपवून पाय थोडे उंच करा. श्वास फार लागला असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका, चालवत नेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणासाठी ॲड्रेनालिन ठेवलेलं असतं. आजच तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून मुलाची माहिती द्या आणि दुपारी कोण हजर असतं ते विचारून घ्या. मुलाच्या डॉक्टरांकडून त्याचं वजन, इंजेक्शनची मात्रा आणि फोन नंबर असलेला कागद सहीनिशी घ्या. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबवायला सांगा, त्रास पुन्हा उलटू शकतो.

आता चौथीतली मुलगी. हा आजार साखर जास्त खाल्ल्याने झालेला नाही आणि पथ्याने जाणारही नाही. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून ते बाहेरून घ्यावं लागतं. वाढीच्या वयात तिला इतर मुलींइतकंच खायला हवं. भात कमी करून तिला अर्धपोटी ठेवलं आणि इन्सुलिन मात्र पूर्ण दिलं तर साखर खाली घसरेल. डॉक्टर इन्सुलिनची मात्रा ठरवतात ती जेवणातल्या कर्बोदकांवरून, म्हणजे पिष्ट आणि साखर यांच्यावरून. ती किती आहेत हे त्यांना घरच्या पोळीवरून सांगता येतं, शाळेच्या खिचडीवरून नाही. तो आकडा तुम्ही द्यायचा आहे, आणि त्याला लागणारी निम्मी माहिती तुमच्या रोजच्या नोंदवहीतच आहे.

असं करा. ज्या दिवशी सगळे साठ हजर असतील त्या दिवशी नोंदवहीत तांदूळ ६ किलो आणि मूगडाळ १ किलो २०० ग्रॅम असेल. कच्च्या तांदळात शंभराला ७८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ६ किलोत ४,६८० ग्रॅम. डाळीत शंभराला साधारण ५३, म्हणजे १,२०० ग्रॅममध्ये ६३६. मिळून ५,३१६ ग्रॅम. भाजी आणि तेल इथे सोडून द्या, फरक किरकोळ पडतो. मात्र भाजी बटाट्याची असेल तर धरा, बटाट्यात शंभराला पंधराएक ग्रॅम असतात. आता एकच भातवाढी घ्या, काठोकाठ सपाट भरायची, डोंगर करायचा नाही, आणि पातेलं रिकामं होईपर्यंत किती भातवाढ्या झाल्या ते एका शिक्षकाने मोजायचं. समजा २६५ झाल्या. ५,३१६ भागिले २६५, म्हणजे एका भातवाढीत २० ग्रॅम. तराजू लागत नाही, तापलेलं पातेलं उचलावं लागत नाही. उरलेली आणि खरवडही मोजणीत धरा, नाहीतर आकडा फुगतो.

हे मसालेभात, खिचडी, पुलाव, वरण-भात आणि प्रत्येक उसळ यांच्यासाठी एकेकदा करा. महिन्याभरात तुमचा तक्ता तयार होईल. तो मुलीच्या आईला द्या, डॉक्टरांना दाखवायला सांगा. डॉक्टर सांगतील, उदाहरणार्थ, खिचडीच्या तीन भातवाढ्या म्हणजे ६० ग्रॅम, त्याला अमुक युनिट. यात चूक होते ती दोन कारणांनी. एक, मावशी बदलल्या की पाण्याचं प्रमाण बदलतं. खिचडी पातळ झाली की त्याच भातवाढीत भात कमी येतो. म्हणून पाणी कुठपर्यंत ते पातेल्यावर आतून खूण करून ठरवून टाका. दोन, मायेने घातलेला जादा घास. तिला आणखी भूक असेल तर जरूर वाढा, पण तिथे बसलेल्या शिक्षकाला सांगून, म्हणजे जादा मात्रा लागते का ते तिच्या आईला फोनवर विचारता येईल. अंडं किंवा बिनबटाट्याची पालेभाजी यात कर्बोदकं नगण्य, ती तिने हवी तेवढी घ्यावी.

वेळेला मापाइतकंच महत्त्व आहे. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन साधारण पंधरा मिनिटं आधी घ्यायला सांगतात. शाळेत गॅस संपतो, तांदूळ उशिरा शिजतो, इंजेक्शन घेऊन झालेलं असतं आणि मुलगी रिकाम्या ताटापुढे बसते. शाळेतला सर्वांत मोठा धोका हा. तुमच्याकडे वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेण्याचा नियम आहेच, तोच इशारा धरा. चव घेऊन झाली, जेवण ठीक आहे म्हणून वहीत सही झाली, मग मुलीने साखर तपासायची आणि मग इन्सुलिन. त्याआधी नाही. घड्याळात साडेबारा वाजले म्हणून तर मुळीच नाही. इंजेक्शन घेताना शेजारी एक ठरलेली शिक्षिका आणि तिच्या सुट्टीच्या दिवसासाठी ठरलेली दुसरी असावी, त्यांनी पेनवरचा आकडा वाचून बघायचा. पालकांची लेखी संमती फाईलला लावा. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत नाही. झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवून ती डबी ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा, तुमच्या खोलीत, उन्हापासून लांब.

साखर कमी झाल्याची खूण म्हणजे घाम, हात थरथरणं, चेहरा पांढरा पडणं, विनाकारण चिडणं किंवा रडणं, अक्षर एकदम बिघडणं, पेंगणं. ७० च्या खाली आकडा आला, किंवा तपासायची सोय नसताना अशी लक्षणं दिसली, की लगेच साखर. किती? वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम. मुलगी २५ किलोची असेल तर साडेसात ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून. चॉकलेट, चिक्की, बिस्किट देऊ नका, त्यातलं स्निग्ध साखर रक्तात जायला उशीर लावतं. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत द्या. सावरली आणि जेवायला वेळ असेल तर काहीतरी खायला द्या. तिला एकटीला ऑफिसात किंवा नळावर पाठवू नका, वाटेत पडू शकते. साखरेची पुडी तिच्या वर्गात, तुमच्या टेबलात आणि खेळाच्या तासाला जाणाऱ्या शिक्षकांच्या खिशात हवी. खेळाने साखर खाली येते, कधी काही तासांनी. बेशुद्ध झाली किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८.

उलट बाजूही लक्षात असू द्या. साखर वाढली की तहान लागते, वारंवार लघवीला जावं लागतं, म्हणून तिला वर्गातून बाहेर जायला परवानगी मागावी लागू नये. उलट्या, पोटदुखी आणि खोल, जोराचा श्वास दिसला तर "खिचडी बाधली" म्हणून सोडून देऊ नका. लगेच साखर तपासा आणि दवाखान्यात न्या.

अंड्याचं सोपं आहे. अंड्यासाठी वेगळं भांडं आणि वेगळा चमचा ठेवा, आणि अंडी सर्वांत शेवटी वाढा, म्हणजे न खाणाऱ्यांना घरी खोटं सांगावं लागत नाही. अंडं खाणाऱ्यांची आणि न खाणाऱ्यांची वेगळी रांग करू नका. बदली केळं देतात, पण अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं आणि केळ्यात एक ग्रॅमभर, म्हणून केळ्याबरोबर उसळीचा जादा डाव घाला. २५ ग्रॅम कोरड्या मटकीत अंड्याइतकीच प्रथिनं असतात. मोड आल्यावर ती फुगते, म्हणून दोन चमचे नाही, चांगली वाटीभर उसळ लागेल. कुणाच्या घरी कांदा-लसूण चालत नसेल तर फोडणी घालण्याआधी साधं वरण बाजूला काढून ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगून ठेवते, कारण हे उशिरा लक्षात येतं. पुढेमागे सीलिॲक आजाराचं, म्हणजे गहू न चालणारं मूल आलं तर आपलं जेवण तांदळाचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक मैदा मिसळलेला असतो. ज्वारीची भाकरी चालते, पण गिरणीत गव्हानंतर दळलेली ज्वारी चालत नाही. एक ग्रॅम कणकेत साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते. शेंगदाण्याच्या ॲलर्जीत मूल लगेच कोसळतं, इथे त्या दिवशी काहीच दिसत नाही, म्हणून "परवा पुरी खाल्ली, काही झालं नाही" यावर विश्वास ठेवू नका.

चूक बहुधा होते ती नेहमीच्या मावशी रजेवर असतात त्या दिवशी, आणि कुणी वाढदिवसाचं किंवा पुण्यतिथीचं स्नेहभोजन देतो त्या दिवशी. बदली येणाऱ्या बाईसाठी दोन्ही मुलांचा फोटो, काय चालत नाही आणि काय करायचं, असा कागद स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीवर लावा. बाहेर, सगळ्यांना दिसेल असा नको. तो आजार मुलांचा आहे, गावाला वाचायला लावायचा नाही. स्नेहभोजन देणाऱ्याला होकार देतानाच चिठ्ठी द्या: शेंगदाणा आणि तीळ कशातच नको, पदार्थांची यादी दोन दिवस आधी, स्वयंपाक शक्यतो शाळेच्याच भांड्यांत. गोड पदार्थ असेल तर त्यात साखर-गूळ किती आणि किती जणांसाठी हे विचारून मुलीच्या आईला आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तिलाही तो खाता येईल. आणि कुणी आयत्या वेळी चिक्कीचा पुडा घेऊन आलं तर तो आभार मानून ठेवून घ्या, शाळेत वाटू नका.